जुन्या वस्तूला दिलेला रंग पुन्हा पुन्हा निघतोय? आधी पोपडा उलटा करून बघा

अडगळीतून किंवा जुन्या बाजारातून एखादं स्टूल, ट्रे, लाकडी पेटी, आरशाची चौकट हाती लागते. आकार सुरेख, रूप मात्र गेलेलं. सुट्टीच्या दिवशी बसून आपण रंगाचे दोन हात मारतो, फोटो काढतो, घरातले वाहवा करतात. महिना-दीड महिन्यात कडेचा एक टवका उडतो. तिथे थोडा रंग लावून वेळ मारून नेतो, तर त्याच्या शेजारचा उडतो. दुसऱ्यांदा सगळं रंगवताना माणूस डब्यातल्या रंगाला नावं ठेवतो, तिसऱ्यांदा महागातला डबा आणतो, आणि तोही निघतो.

माझी एक तिपाई अशी तीनदा रंगवून झाली होती. चौथ्यांदा रंगवायला बसण्याआधी निघालेला पोपडा केरात न टाकता सहज उलटा केला. पाठ काचेसारखी गुळगुळीत होती. लाकडाचा कण नाही, धूळ नाही, काही नाही. म्हणजे रंगाने लाकडाला कधी धरलंच नव्हतं. अळवावरच्या पाण्यासारखा तो नुसता वर बसला होता. तीन डबे मी चुकीच्या गोष्टीवर खर्च केले होते.

तेव्हापासून कुणीही "रंग निघतोय, कोणता वापरू?" असं विचारलं की मी उलट विचारते, पोपड्याची पाठ कशी आहे? रंग कुठल्या तरी दोन थरांमधून सुटतो. ते थर कोणते, हे पाठ दाखवते.

पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर रंग खालच्या पृष्ठभागाला चिकटलाच नाही. पाठीवर लाकडाचे तंतू आले असतील तर रंग घट्ट होता, लाकूडच वरून कुजलं किंवा उन्हाने मऊ पडलं. तिथे मऊ भाग खरवडून टणक लाकूड लागेपर्यंत जावं लागतं. पाठीवर बोटाला लागणारी पूड असेल तर खाली भुसभुशीत जुना रंग, कच्ची लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किंवा न पुसलेली धूळ आहे. तांबूस पूड म्हणजे गंज. आणि पाठीवर तुमचाच पहिला हात दिसत नसेल, तो वस्तूवर तसाच राहिला असेल, तर भांडण तुमच्या दोन हातांमधलं आहे: पहिला ऑइल पेंटचा चकचकीत हात नीट वाळून कडक झाला आणि त्यावर न घासताच दुसरा चढवला.

यातली दहापैकी आठ प्रकरणं (हा माझा अंदाज, मोजमाप नव्हे) पहिल्या प्रकारची निघतात. म्हणून त्यावरच जास्त बोलू.

गुळगुळीत पाठ: मेण, तेल आणि पॉलिश

जुन्या लाकडी वस्तूवर वर्षानुवर्षांचं काय काय साठलेलं असतं! हाताचा तेलकटपणा, स्वयंपाकघराच्या जवळ असेल तर धुरकट चिकटा, मेणाचं पॉलिश, फर्निचर चमकवायचा स्प्रे. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो मोत्यासारखा गोल राहिला तर रंगसुद्धा तसाच वर राहणार आहे.

इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात, मीही केली. आधी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतात. पेपरने पडलेल्या ओरखड्यांत मेण आणि तेल आणखी आत रगडलं जातं, वरून लाकूड छान बिनचमकीचं, पांढुरकं दिसतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. क्रम उलटा हवा. आधी धुणं, मग घासणं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पिळलेल्या फडक्याने पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, वाळू द्या. मेणाची शंका असेल तर टर्पेंटाइनने पुसा, आणि फडक्याची घडी सारखी बदला. एकाच घडीने पुसत राहिलात तर मेण निघत नाही, नुसतं इकडून तिकडे फिरतं. मग पुन्हा थेंब टाका. तो पसरला की पेपर हातात घ्या.

घासायचं तरी किती? लाकूड उघडं पाडायची गरज नसते. जुनं पॉलिश घट्ट असेल तर त्याची फक्त चमक मारायची. १८० नंबरचा पेपर, त्यावरून २२०. तिरक्या उजेडात धरल्यावर कुठेही चकाकी दिसता कामा नये. रंग सगळ्यात आधी कडांना, कोपऱ्यांत आणि नक्षीच्या खाचांत निघतो, कारण तिथे पेपर पोचतच नाही. खाचांसाठी घासायचा स्पंज किंवा नायलॉनचा खरखरीत पॅड घ्या. लोखंडी तारेची घासणी मात्र पाण्याच्या (म्हणजे पाण्याने पातळ होणाऱ्या) रंगाखाली वापरू नका. तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, रंगातल्या पाण्याने गंजतात, आणि पांढऱ्या स्टुलावर दोन दिवसांनी तपकिरी ठिपके उगवतात.

टर्पेंटाइनचं फडकं चुरगाळून टाकू नका, उघडं पसरून मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या. जवसाचं तेल किंवा तेलाचं वार्निश पुसलेली फडकी तर ढीग करून ठेवली की आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक सुटी वाळत घाला. हे भीती घालण्यासाठी सांगत नाहीये. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, तेव्हा उष्णता सुटते, आणि ढिगात तिला बाहेर पडायला वाट नसते.

घासण्याआधी आणखी एक. वस्तू अनेक दशकं जुनी असेल आणि तिच्यावर ऑइल पेंटचे थरावर थर असतील, तर त्यात शिसं असू शकतं. तो रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही, आणि हीट गनने भाजायचाही नाही. शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना मुळीच मानत नाही, आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. शंका असेल तर तपासून घ्या. तोवर मी अशी वस्तू घासत नाही. लहान मूल असलेल्या घरात तर आणतच नाही, कितीही देखणी असो.

खाली काय आहे, ते कसं ओळखायचं

प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, निवडण्याआधी जुना थर कशाचा आहे ते कळलं तर अर्धं काम होतं. वस्तूच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून धरा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पॉलियुरेथेन किंवा तशाच कडक जातीचं काहीतरी. रंगाचंही असंच: स्पिरिटच्या बोळ्याला रंग लागला तर तो पाण्याचा, नाही लागला तर बहुधा ऑइल पेंट.

याचा उपयोग असा. जुन्या ऑइल पेंटवर थिनरचा लॅकर मारला तर खालचा रंग फुगून सुरकुततो. ऑइल पेंटच्या चकाकीवर थेट पाण्याचा रंग लावला तर तो नखाने सालासारखा सोलता येतो. आणि लाखेच्या पॉलिशवर पॉलियुरेथेन मारायचं असेल तर लाखेतलं मेण आडवं येतं. साध्या चपड्यात ते साधारण ३ ते ५ टक्के असतं. मेण काढलेली लाख वेगळी मिळते, ती मात्र जवळपास सगळ्याशी जमवून घेते. लाखेच्या किड्याने तयार केलेली ही वस्तू आजही अस्तर म्हणून मला फार आवडते. ती स्पिरिटमध्ये विरघळते, तासाभरात वाळते, खालचे डाग आणि वास दोन्ही अडवते.

रंग ओला असतानाच त्यात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडू लागले तर समजा, खाली सिलिकॉन आहे. फर्निचर चमकवायच्या काही स्प्रेमध्ये ते असतं. त्यावर आणखी रंग ओतून खड्डे बुजत नाहीत. ओला रंग पुसून काढा, टर्पेंटाइनने दोन-तीनदा, दर वेळी नव्या फडक्याने पुसा, मग मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या आणि त्यावर रंगवा.

सनमायका आणि मेलामाइनच्या पाट्यांना जिरायला जागाच नसते. तिथे घासून चमक मारणं आणि गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर, दोन्ही लागतात. यातलं एकच करून भागेल असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी माझा विश्वास नाही. "घासायची गरज नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या चॉक पेंटचंही (खडूसारखा कोरडा, बिनचमकीचा दिसणारा रंग) तेच. बिनचमकीच्या, कोरड्या लाकडावर तो खरोखर छान बसतो, पण मेणावर आणि तेलावर तोही हरतो.

पत्र्याची बादली: सगळ्यात फसवं प्रकरण

माझ्या बहिणीने पत्र्याची जुनी बादली कुंडी म्हणून रंगवली. साबणाने धुतली, घासली, पत्र्याला चालतो म्हणून ऑइल पेंट आणला, दोन पातळ हात दिले. एकही चूक नाही. तीन-चार महिने बादली झकास दिसली, आणि मग सापाने कात टाकावी तसा रंग सलग सुटून आला. ती मला म्हणाली, "ताई, तू सांगितलंस तसंच केलं होतं गं." खरंच होतं. चूक माझी होती.

त्या बादलीवर जस्ताचा मुलामा होता. ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि दोघांच्या मध्ये जस्ताचा साबण तयार होतो. साबणावर काय टिकणार? गंमत म्हणजे सुरुवातीला रंग उत्तम धरतो, चाचणीतही पास होतो. क्रिया सावकाश होते, म्हणून फसगत उशिरा कळते. तोवर आपण त्याच रंगाने आणखी दोन बादल्या रंगवलेल्या असतात.

मुलामा ओळखायला सोपा आहे. राखाडी पत्र्यावर गोठलेल्या बर्फासारखी किंवा पानांसारखी स्फटिकांची नक्षी दिसते. जुन्या पत्र्यावर ती पुसट होते, पण उजेडात तिरकी धरली की सापडते. अशा पत्र्यावरचा ऑइल पेंट सगळा काढून टाकावा लागतो. जिथे अजून घट्ट वाटतोय तिथेही खाली साबण तयार होतच असतो. मग साबणाने धुवा, नायलॉनच्या पॅडने हलकं घासा, व्हिनेगरने पुसून पाण्याने स्वच्छ धुवा, वाळवा, आणि जस्ताच्या मुलाम्यासाठीचा प्रायमर किंवा पाण्याचा ॲक्रिलिक रंग वापरा. साध्या लोखंडी पत्र्याला मात्र ऑइल पेंट चालतो. तिथे शत्रू गंज आहे, आणि तो घासून काढून त्याच दिवशी प्रायमर मारला की भागतं. रात्रभर उघडं ठेवलेलं घासलेलं लोखंड सकाळी पुन्हा तांबूस झालेलं असतं.

मातीची कुंडी आणि प्लास्टिक

मातीच्या कुंडीवरचा रंग निघताना पाठीवर पांढरी मिठासारखी पूड येते. आतलं पाणी भिंतीतून झिरपत बाहेर येतं, येताना क्षार आणतं आणि रंगाला मागून ढकलतं. बाहेरून कितीही जाड रंग लावा, ढकलणारं पाणी आत आहे. कुंडीच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा थर द्या, किंवा सोपं म्हणजे झाड प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती रंगवलेल्या कुंडीत उतरवा. तिसरा मार्ग चुन्याचा. चुना हवा आणि ओल आरपार जाऊ देतो, म्हणून त्याचे असे पोपडे निघत नाहीत. तो हळूहळू विटतो, आणि कुंडीवर ते विटणंही शोभतं.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. २, ४ किंवा ५ असेल तर तो पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा आहे. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू द्यायची ओढ, साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, तर पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या आसपास. इतक्या फरकात पाण्याचा रंग पसरायलाच तयार होत नाही, चिकटण्याची गोष्ट दूर. यासाठी खास प्रायमर मिळतात, पण रोज हाताळायच्या वस्तूवर माझ्याकडे ते फार टिकले नाहीत. मी असा डबा रंगवत नाही, सुतळी गुंडाळून घेते; सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक गुंडाळीखालीच खोचायचं, गोंदाच्या भरवशावर राहायचं नाही. ६ आकडा म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याचाच फुगवलेला भाऊ थर्माकोल. थिनर असलेला स्प्रे मारला की थर्माकोल डोळ्यांदेखत वितळतो. तिथे फक्त पाण्याचा रंग.

पोपडा नाही, पण पिवळा डाग येतोय

पांढऱ्या रंगातून पिवळसर-तपकिरी डाग वर येत असतील तर रंग निघत नाहीये, लाकूड वर येतंय. ओक, महोगनी, सीडार अशा लाकडांत टॅनिन नावाचं तुरट, डाग पाडणारं द्रव्य असतं, ते पाण्यात विरघळतं, आणि पाण्याचा प्रत्येक नवा हात त्याला आणखी वर ओढतो. म्हणूनच पाचवा हात दिल्यावरही डाग तिथेच असतो. गाठींमधली राळही अशीच झिरपते. रंग थांबवा, लाखेचा किंवा डाग अडवणारा प्रायमर द्या, मग एक हात पुरतो.

रंग महिनाभरानंतरही चिकट लागत असेल, फुलदाणी उचलली की तळाशी रंग येत असेल, तर बहुतेक वेळा हात जाड दिलेला असतो किंवा घाई झालेली असते. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि पक्का होणं वेगळं. पाण्याचा रंग एक-दोन तासांत कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर त्यावर जड वस्तू ठेवायची नाही, कागद अंथरायचा नाही. स्प्रेच्या डब्यावर दुसरा हात "एक तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर" असं काही लिहिलेलं असेल तर ते अक्षरशः पाळा. मधल्या वेळात मारलेला हात खालच्या अर्धवट कडक थराला फुगवतो आणि सगळं सुरकुततं.

निघालेल्या वस्तूचं आता काय करायचं

सगळा रंग काढायचा की फक्त निघालेला, याचा निर्णय अंदाजाने नको. रंगाच्या उद्योगात यासाठी एक चाचणी आहे, आयएसओ २४०९ या आंतरराष्ट्रीय मानकात ती लिहिलेली आहे, आणि घरी तिची साधी नक्कल करता येते. नवं ब्लेड घ्या. रंग निघालेल्या जागेपासून दूर, जिथे तो घट्ट वाटतोय तिथे, दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या चिरा पाडा, मग सहा आडव्या. २५ चौकोन तयार होतात. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी नखाने घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चिरांच्या कडा साबूत राहिल्या तर तिथला रंग ठेवा. एखाद-दुसऱ्या चौकोनाचा कोपरा उडाला तरी मी ठेवते. पाच-सहा चौकोन पूर्ण निघून आले तर मोह सोडा, सगळा काढा. कच्च्या पायावर चौथा हात चढवला की तोही खालच्या तिघांसह सुटतो.

रंग ठेवायचा असेल तर निघालेल्या जागेची कड १२० च्या पेपरने उतरती करा, बोटाला पायरी लागता कामा नये. मग खड्ड्यात लांबी, वाळल्यावर २२०, धूळ पुसून प्रायमर, आणि दोन पातळ हात. फक्त रंग भरून मोकळे झालात तर जुनी कड पुढच्या महिन्यात त्याच रेषेवर उचकटेल.

नवीन वस्तूवर हीच चाचणी आधी करा. खालच्या बाजूला हातभर नको, तळहाताएवढी जागा तयार करा, ठरवलेलं प्रायमर आणि रंग लावा, आठवडाभर थांबा, चिरा पाडा, पट्टी ओढा. आठवडा थांबणं जिवावर येतं, मला माहीत आहे. जस्ताचं प्रकरण यात सापडत नाही, तेवढं पत्रा बघूनच ओळखायचं.

माझी तिपाई चौथ्यांदा रंगवून आता दोन वर्षं झाली. साबण, टर्पेंटाइन, पेपर, मेण काढलेल्या लाखेचा एक हात, वर पाण्याचा ॲक्रिलिक. एका पायाला खुर्ची आपटून टवका उडाला तेवढाच. तो उलटा करून पाहिला, पाठीवर लाकडाचे तंतू होते. तिच्या फळीखाली मी पेन्सिलीने सगळे थर क्रमाने आणि तारखेनिशी लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ती पडेल त्याला स्पिरिटचा बोळा धरून बसायला नको.